काळ्या मातीत सरळ गाजर

काळ्या मातीत गाजर होत नाही, असं विदर्भात गावोगाव ऐकायला मिळतं. होतं. बी उगवतं, पालाही हातभर वाढतो, पण पौषात उपटायला जावं तर हाती येतं ते दोन-तीन फाट्यांचं, केसाळ, बोटभर मूळ. मग दोष बियाण्याला जातो, नाहीतर पाण्याला. खरं बिघडलेलं असतं पेरणीनंतरच्या पहिल्या महिन्यात, आणि त्या बिघाडाची तयारी पेरणीच्या आधीच होऊन गेलेली असते.

गाजराचं सोटमूळ आधी लांब होतं आणि मग जाड. बी रुजल्यापासून साधारण तीन-चार आठवड्यांत मुळाचं टोक आपली खोली गाठतं. पुढचे दोन महिने ते फक्त फुगतं, रंग धरतं, गोडी धरतं. त्या पहिल्या काळात टोकाला ढेकूळ आडवं आलं, खडा लागला किंवा पाणी साचून टोक कुजलं, तर बाजूची मुळं त्याची जागा घेतात आणि तीच पुढे फुगून फाटे होतात. महिना उलटल्यावर कितीही खत-पाणी केलं तरी फाटलेलं गाजर एक होत नाही. म्हणून पेरणी दसरा-दिवाळीच्या सुमारास असली तरी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, गाजराचं काम आम्ही पोळ्यापासून धरतो.

आधी माती बघायची. अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यातली भारी काळी जमीन बेसाल्ट खडक झिजून झालेली आहे आणि तिच्यात निम्म्याच्या आसपास चिकणमाती असते. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. कापूस-तुरीला हे चालतं, त्यांची मुळं वाट काढतात. गाजराला चालत नाही, कारण आपण त्याचं मूळच खातो आणि त्याच्या अंगावर मातीनं दिलेला प्रत्येक दाब दिसतो. शिवाय या जमिनीत खाली चुनखडीचे खडे असतात, ते वेगळंच दुखणं. मातीची परीक्षा सोपी आहे. मूठभर माती भिजवून, मळून तळहातांमध्ये वळा. करंगळीएवढ्या जाडीची वळी न तुटता वाकवून कडं करता आलं तर माती भारी, आणि त्यात थेट पेरणी करू नये. वळी होण्याआधीच माती फुटत असेल तर निम्मं काम वाचलं.

पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत माती बऱ्याच ठिकाणी हलकी, लालसर, रेताड असते आणि गाजराला ती आवडते. तिथे फक्त धानाची बांधी टाळायची. दरवर्षीच्या चिखलणीनं तिच्यात वीतभर खाली कडक थर बसलेला असतो. गाजर तिथपर्यंत सरळ जातं आणि थराला टेकून काटकोनात वळतं. तलावाच्या गाळाचा मोहही टाळावा. मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचा गाळ धानाला उत्तम, पण तो बहुतेक वेळा बारीक चिकणमातीच असतो, त्यामुळे गाजराच्या वाफ्यात टाकला तर वाफा आणखी आवळतो. नदीकाठची पोयट्याची माती मिळाली तर मात्र जरूर आणावी.

खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या गावांनी, माती बघण्याआधी पाणी बघावं. भाज्यांमध्ये गाजर हे क्षार सर्वांत कमी सोसणाऱ्यांपैकी आहे. बोअरच्या खाऱ्या पाण्यावर बी उगवतं ते विरळ, पानांच्या कडा जळतात आणि गाजर बारीक राहतं. तिथे नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणीच वापरावं आणि गाजर जमिनीऐवजी खताच्या रिकाम्या पोत्यात किंवा कुंडीत करावं. दीड फूट भरलेलं पोतं, तळाला आठ-दहा भोकं, आणि आत पुढे सांगितलेलं मिश्रण.

आता वाफा. आम्ही १० फूट लांब, ३ फूट रुंद आणि बसल्यावर १ फूट उंच राहील असा गादीवाफा करतो. रुंदी ३ फुटांपेक्षा जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे. वाफ्यावर एकदा पाय पडला की तेवढी जागा गाजरापुरती गेलीच. पोळ्यानंतर चार-पाच दिवस उघाड मिळाली आणि माती वाफशावर आली की कुदळीनं वीतभर खोल खोदून ढेकळं तशीच उघडी टाकायची. फोडायची घाई करू नये. काळी माती एक-दोनदा भिजली आणि वाळली की ढेकळं आपोआप भुसभुशीत होतात, हा तिचा फार मोठा गुण आहे. मात्र ओल्या चिखलात कुदळ घातली तर जी ढेकळं पडतात ती दिवाळीपर्यंत विटेसारखी टणक राहतात. वाफसा कसा ओळखायचा? मूठ आवळून माती सोडली की तिचा गोळा व्हावा, आणि तोच गोळा कमरेच्या उंचीवरून पडला की फुटावा.

एवढ्या वाफ्याला ३० घनफूट मिश्रण लागतं. अर्ध्या घनफुटाचं घमेलं धरलं तर ६० घमेली. त्यात २७ घमेली चाळलेली काळी माती, ३० घमेली नदीची रेती आणि ३ घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत, म्हणजे वीसेक किलो. रेती एवढी कशाला, असं वाटेल. हिशेब असा आहे की निम्मी चिकणमाती असलेल्या मातीत तेवढीच रेती पडली की चिकणमातीचं प्रमाण चौथाईवर येतं आणि तिथून मूळ मोकळं जातं. दोन-चार घमेली रेती टाकून काही साधत नाही. थोड्या रेतीच्या कणांभोवती चिकणमाती घट्ट बसते आणि वाळल्यावर वाफा आधीपेक्षा कडक होतो. रेती लागते १५ घनफूट. ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा घराच्या बांधकामातून त्याचा सहावा हिस्सा उरला तरी भागतं. बांधकामाच्या बारीक चाळणीतून रेती आणि माती दोन्ही चाळून घ्या, आणि हरभऱ्याच्या दाण्याहून मोठं जे राहील ते बाहेर फेका. चुनखडी, मुरमाचे खडे, पऱ्हाटीची (कपाशीची) खुंटं, मोथ्याच्या गाठी, सगळं. मोथ्याची एक गाठ राहिली तरी तिचे कोंब वाफाभर फिरतात. क्रशरची चुरी रेतीऐवजी वापरू नये, ती दबून बसते.

शेणखताबद्दल थोडं ठासून सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त गाजरं त्यानंच बिघडतात. उकंड्यावरचं वरवर काळं दिसणारं खत आत अर्धं कच्चं असतं. कच्च्या खताचा गोळा मुळाच्या वाटेत आला की मूळ तिथेच फाटे फोडतं आणि सगळीकडून बारीक तंतू काढतं. त्यात उधई येते, हुमणीच्या अळ्याही येतात. वर्षभर कुजलेलं, हातात घेतल्यावर गरम न लागणारं, वास नसलेलं आणि चाळणीतून आपसूक पडणारं खत तेवढं घ्यायचं. पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांना टाका. आणि खत मोजूनच घाला. वांग्याला, कोहळ्याला जितकं खत घालतो तितकं गाजराला घातलं तर पाला उदंड होतो आणि खाली केसाळ मूळ. दुसऱ्या वर्षापासून त्याच वाफ्याला एक घमेलं पुरतं. आधीच्या हंगामात ज्या वाफ्याला भरपूर खत दिलं होतं, तिथे तर नवं घालूच नये.

मिश्रणातच १०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि अर्धा किलो निंबोळी पेंड कालवून पेरणीआधी पंधरा-वीस दिवस वाफा भिजवून ठेवतो. काळ्या जमिनीत पालाश साधारणपणे भरपूर असतं, म्हणून पोटॅश वेगळं देत नाही. चुलीची राख टोपल्यानं टाकण्याची पद्धत आहे, ती गाजरासाठी सोडावी. गाजराला ६ ते ७ सामू (पीएच) मानवतो, आपली काळी माती बहुधा त्याच्या वरच असते आणि राखेनं सामू आणखी चढतो.

एवढी रेती मिळत नसेल तर एक दुसरी रीत आहे. ती कष्टाची खरी, पण लांब, सरळ गाजरासाठी तिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. नेहमीचा खोदलेला वाफा घ्यायचा आणि वाफशावर असताना सब्बल, म्हणजे पहार, उभी रोवून गोल फिरवायची, म्हणजे वर तीन इंच रुंद, खाली निमुळतं होत गेलेलं, फूटभर खोल भोक पडतं. दोन भोकांत चार इंच अंतर. प्रत्येक भोकात निम्मी रेती, निम्मी चाळलेली माती आणि चिमूटभर गांडूळखत असं मिश्रण भरून हलकं दाबायचं. शंभर भोकांना तीनेक घमेली मिश्रण लागतं, बस. प्रत्येक भोकावर तीन बिया, आणि उगवल्यावर एकच रोप ठेवायचं. इथे काळजी एकच, ओल्या मातीत सब्बल फिरवू नये. भोकाच्या कडा घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात, पाणी आत कोंडतं आणि टोक कुजतं.

वाण निवडताना आपल्या थंडीकडे बघावं. गाजराचं मूळ १५ ते २० अंशांत चांगलं भरतं आणि रंगतं. आपल्याकडे तसा काळ मुख्यतः डिसेंबर-जानेवारीचा, तोही रात्री आणि सकाळी. दुपारी पारा २७-२८ वर असतोच. म्हणून थंड प्रदेशातल्या वाणांपेक्षा मैदानी वाण सोपे पडतात. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचं पुसा केशर हे लाल गाजर, पुसा रुधिरा हेही लाल, लांब आणि गडद, तर पुसा मेघाली नारिंगी, ऊन थोडं जास्त सोसणारं, म्हणून लवकर पेरणीला बरं. नँटेस हे बोथट टोकाचं नारिंगी गाजर चवीला छान असतं आणि लांबीला कमी असल्यानं पोत्यात-कुंडीत चांगलं बसतं, पण ते नोव्हेंबरच्या मध्यानंतरच लावावं.

संक्रांतीच्या सुगडात घरचं गाजर पडायला हवं असेल तर पेरणी ऑक्टोबरच्या मध्याच्या सुमारास झाली पाहिजे, कारण पुसा केशरसारख्या वाणाला ८० ते ९० दिवस लागतात. त्याआधी पेरू नये. ऑक्टोबरच्या सुरुवातीचं ऊन कोवळ्या रोपाला भाजतं, आणि गाजर आखूड, फिकं निघतं. सगळा वाफा एकदम पेरण्यापेक्षा अर्धा ऑक्टोबरच्या मध्याला आणि उरलेला वीस दिवसांनी, असं केलं तर काढणीही पुरवून पुरवून होते. डिसेंबरच्या मध्यानंतर पेरलेलं गाजर मात्र फुगायच्या वेळेला फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडतं.

एका ग्रॅममध्ये गाजराच्या साधारण ८०० बिया येतात. १० बाय ३ च्या वाफ्याला दीड ते दोन ग्रॅम पुरे. पाकीट १० ग्रॅमचं आणलं असेल तर उरलेलं शेजारी वाटून टाकावं, कारण गाजराचं बी दोन वर्षांनंतर झपाट्यानं जोम गमावतं. घरच्या बियांवर बारीक कुसं असतात. ती तळहातावर चोळून काढली की बिया एकमेकींना चिकटत नाहीत. रात्रभर बी पाण्यात भिजवावं, सकाळी फडक्यावर सावलीत पसरावं आणि मोकळं झालं की ओंजळभर कोरड्या बारीक रेतीत मिसळून त्याचे चार सारखे भाग करावे. वाफ्यावर लांबीच्या दिशेनं, ९ इंचांवर चार ओळी काडीनं आखायच्या, खोली अर्धा इंच, त्याहून जास्त नाही. एका ओळीला एक भाग. वरून माती न ओढता चाळलेलं जुनं खत आणि रेती भुरभुरायची. काळ्या मातीनं झाकलं तर दोन पाण्यांत तिची पापडी धरते आणि केसाएवढा कोंब ती फोडू शकत नाही.

प्रत्येक ओळीत वीतभर अंतरावर एकेक मुळ्याचा दाणा टाकावा. मुळा तीन-चार दिवसांत वर येतो, ओळ कुठे आहे ते दाखवतो आणि पापडीला तडे पाडतो. पण पंचविसाव्या दिवसापर्यंत तो काढून खाल्लाच पाहिजे, नाहीतर त्याच्या फुगण्यानं शेजारचं गाजर वाकतं. याच कामाला सांबार, म्हणजे कोथिंबीर, पेरू नये. तो गाजराच्याच कुळातला, शेपू आणि ओव्यासारखा, आणि त्यांचे काही रोग सामाईक आहेत.

पेरणी दिवस कलल्यावर करतो. झारीनं पाणी देऊन वाफ्यावर ओलं पोतं अंथरायचं आणि ते सकाळ-संध्याकाळ शिंपडून ओलंच ठेवायचं. गाजर उगवायला आठ-दहा दिवस घेतं, थंडी वाढली तर पंधरासुद्धा. त्यात एक दुपार जरी वरचा थर कोरडा पडला तर रुजलेलं बी मरतं आणि बी खराब निघालं म्हणून बोंब होते. पाचव्या दिवसापासून रोज पोतं उचलून बघा. ओळीत इकडेतिकडे हिरवी टोकं दिसली की त्याच संध्याकाळी पोतं काढायचं. एक दिवस उशीर झाला तर कोंब पोत्याच्या विणीत अडकून पोत्याबरोबरच उपटले जातात. पोतं काढल्यावर ओळींच्या मधे सोयाबीनचं कुटार बोटभर जाड पसरावं, पूर्वेकडे तणस (धानाचा पेंढा) तोडून घातली तरी चालते. ओळीवर मात्र काही टाकू नये. या दिवसांत कोंबड्या वाफ्याजवळ फिरकू द्यायच्या नाहीत. दहा मिनिटांत त्या सगळा वाफा उकरतात.

उगवणीनंतर पाण्याची पद्धत उलटी करायची. आता रोज शिंपडणं बंद. वर सतत ओल राहिली तर मूळ खाली जायला कारणच उरत नाही, आणि चिकणमातीत टोक कुजतं. दोन-तीन दिवस थांबून, वरचा इंचभर थर कोरडा झाला की खोलवर भिजेल असं पाणी. महिनाभरानंतर नोव्हेंबर-डिसेंबरात आठवड्यातून एकदा, वाफ्याला पंधरा लिटरच्या चार ते पाच बादल्या. बोट दोन इंच खुपसून ओल लागली तर थांबा. वाफ्याच्या कडेला केसासारखी भेग दिसली तर उशीर झाला आहे असं समजावं, आणि अशा वेळी एकदम वाफा भरू नये. तहानलेलं गाजर एकाएकी पाणी पितं, आतला भाग बाहेरच्या सालीपेक्षा जलद फुगतो आणि गाजर उभं तडकतं. दोन दिवसांत तीन हप्त्यांनी ओल परत आणावी.

निंदण हे या पिकातलं सर्वांत जिकिरीचं काम. गाजराचं रोप पहिले पाच-सहा आठवडे इतकं हळू वाढतं की कुठलंही तण त्याच्या पुढे जातं. त्यातही गाजर गवत ओळखायला चुकतं, कारण पानं फाटलेली झाली की दोन्ही सारखी दिसतात. लहानपणीच फरक बघून ठेवावा. गाजराची पहिली दोन दलं लांब, अरुंद, गवताच्या पात्यासारखी असतात आणि त्यानंतर येणारं पहिलंच खरं पान बारीक कातरलेलं असतं. गाजर गवताची दलं आखूड, गोलसर, पहिली पानं जवळपास अखंड, थोडी लवदार आणि जमिनीला चिकटून पसरणारी. शंका आली तर पान चुरून वास घ्या, गाजराचा वास लपत नाही. गाजर गवत उपटताना हातमोजे घाला, अनेकांच्या अंगावर त्यानं खाज आणि पुरळ उठतं. रोपाच्या अगदी जवळचं तण उपटू नये, कात्रीनं किंवा विळ्याच्या टोकानं मातीलगत कापावं, कारण उपटताना गाजराचं मूळही हलतं.

विरळणी दोनदा. दोन-तीन खरी पानं आली की पहिली, दीड इंचावर एक रोप. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी, अडीच इंचावर एक. मन घट्ट करून करावी लागते, आणि इथेही बरेच वाफे बिघडतात. उगवलेलं रोप काढायचं जिवावर येतं, मग दोन गाजरं एकमेकांना वेढे घालून वाढतात आणि दोन्ही वाया जातात. संध्याकाळी, वाफा ओला करून, नको असलेलं रोप कात्रीनं कापायचं. काढलेली रोपं दुसरीकडे लावू नका. लागवड केलेल्या गाजराचं टोक तुटलेलंच असतं आणि ते हमखास फाट्यांचं होतं. दुसऱ्या विरळणीतली करंगळीएवढी गाजरं कोशिंबिरीत घालावीत, पाला मुगाच्या डाळीत छान लागतो.

युरियाचा हात आखडता ठेवावा. महिन्यानंतर पाला खरोखरच पिवळसर असेल तर २५ ते ३० ग्रॅम पाण्यात विरघळवून पूर्ण वाफ्याला एकदाच, तोही ओळींच्या मधे. पाला हिरवा असेल तर काहीच नको. पन्नास-साठ दिवसांनी गाजराचे खांदे मातीबाहेर डोकावतात. त्यांना दोन्ही बाजूंनी माती ओढून झाकावं, नाहीतर ऊन लागून ते हिरवे पडतात आणि तेवढा भाग कडवट होतो.

कीड-रोगाचा त्रास घरच्या वाफ्यात फार नसतो. पानांवर मावा दिसला तर निंबोळी अर्क, ढगाळ हवेत पानांवर तपकिरी ठिपके वाढू लागले तर खालची पानं काढून टाकणं आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी देणं, एवढ्यानं बहुधा भागतं. खरी भीती सूत्रकृमीची, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींची. ज्या जागी आधी वांगी, टोमॅटो, भेंडी होती आणि त्यांच्या मुळांवर गाठी दिसल्या होत्या, त्या जागी गाजर लावू नये. तिथे एक हंगाम झेंडू घ्यावा. जंगलाला लागून असलेल्या गावांत रानडुकरं तयार गाजराचा वाफा एका रात्रीत उलथवतात. तिथे वाफा घराच्या भिंतीलगत, गोठ्याजवळ ठेवावा आणि तयार झालेलं गाजर जमिनीत राखून ठेवू नये.

खांद्याची जाडी इंच-सव्वा इंच झाली की काढणी. आदल्या दिवशी पाणी द्यावं, ओळीच्या बाजूनं सब्बल खुपसून माती सैल करावी आणि पाला मुळाशी धरून सरळ वर ओढावं. कोरड्या काळ्या मातीतून ओढलं तर पाला हातात आणि गाजर जमिनीत राहतं. एवढ्या वाफ्यातून नीट सांभाळलं तर दहाएक किलो गाजर निघतं. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आणि गारपीट होण्याचा धोका असतो, त्यामुळे आभाळ दिसू लागलं की तयार गाजर काढूनच घ्यावं. पक्व गाजर पावसानं तडकतं आणि तड्यातून मऊ कूज शिरते.

उपटलेलं गाजर हातात धरून बघितलं की वाफ्यात काय चुकलं ते बरंच कळतं. वरच्या इंचभरातच दोन पाय फुटले असतील तर कोवळेपणीच टोक मेलं, म्हणजे पाणी साचलं किंवा कच्चं खत लागलं. पाच-सहा इंच सरळ जाऊन मग वळलं असेल तर खाली कडक थर आहे, पुढच्या वर्षी वाफा उंच करा. एकाच बाजूला खोच आणि वाकडेपणा, तर खडा किंवा ढेकूळ. अंगभर पांढरे तंतू म्हणजे खत किंवा ओल जास्त. तंतूंवर मोहरीएवढ्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी. आखूड आणि फिकं असेल तर उन्हात वाढलं, पेरणीची वेळ चुकली. आतला गाभा जाड आणि लाकडासारखा, तर काढायला उशीर झाला.

काढल्याबरोबर पाला बोटभर देठ ठेवून कापावा. पाला तसाच राहिला तर तो मुळातलं पाणी ओढतो आणि गाजर एका दिवसात लुळं पडतं. साठवायचं गाजर धुऊ नये. माती झटकून, माठात दमट रेतीचे थर देऊन सावलीत ठेवलं तर थंडीच्या दिवसांत दोन-तीन आठवडे कडक राहतं. फ्रीजमध्ये ठेवायचं तर सफरचंद आणि केळ्यांपासून दूर ठेवा. त्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं गाजर कडू होतं.

लाल देशी गाजराचं बी घरी धरता येतं. त्याला नँटेससारखी लांब, कडक थंडी लागत नाही. जानेवारीत काढणी करताना सर्वांत सरळ, गुळगुळीत, रंगानं भरलेली निदान वीस गाजरं बाजूला काढावीत. दोन-तीन झाडांच्याच बियांवर पुढची पिढी धरली तर जोम घटतो. खालचा तिसरा हिस्सा कापून गाभा बघा, गाभा बारीक आणि सालीच्याच रंगाचा असेल तेच ठेवा, उरलेलं हलव्याला. पाला चार इंच ठेवून ही गाजरं दीड फुटावर, मान मातीबरोबर राहील अशी लावावीत. दांडे निघतात, पांढऱ्या छत्र्या येतात आणि त्यांवर मधमाश्या तुटून पडतात. गाजर परागीकरणानं सहज मिसळतं, म्हणून शेजारच्या वाडीत दुसऱ्या वाणाचे दांडे फुलू देऊ नयेत. बियाणं करणारे यासाठी किलोमीटरभर अंतर राखतात. मधली मोठी छत्री आणि तिच्या लगतच्या फांद्यांवरच्या छत्र्या तपकिरी झाल्या की कापाव्यात, बारीक उशिराच्या छत्र्या सोडून द्याव्यात. सावलीत वाळवून, चोळून, पाखडून घेतलेलं बी कागदी पाकिटात भरा, पाकिटावर वाण आणि साल लिहा, आणि कोरड्या बरणीत ठेवा.